वृद्ध पित्याचा आशीर्वाद : पंडिता रमाबाईंचें चरित्र



वार्षिक परीक्षा जवळ आली कीं शाळेंत एक देखावा दरवर्षीं पाहावयास मिळतो. मुलें शिक्षकांच्या खोलीपाशीं येतात, वांकून नमस्कार करितात आणि आशीर्वाद मागतात. ख्रिस्ती घरांतून आईबाप मुलांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करितात. रविवारीं उपासनेच्या शेवटीं पाळकसाहेब हात उंच करून आशीर्वचन उच्चारितात व मगच मंडळी घरोघर जाते. निकाल मनासारखा लागला म्हणजे आशीर्वाद फळला असें आपण म्हणतों. पण निकाल मनासारखा लागला नाहीं तर? एका विद्यार्थ्यानें एकदां मला हाच प्रश्न केला. त्यानें आईचा, वडिलांचा व पाळकांचा असा तिघांचा आशीर्वाद घेतला होता, अभ्यासही केला होता, आणि तरी तो नापास झाला होता. त्या तिघांच्या आशीर्वादांत कांहीं उणें होतें काय, असें त्याला विचारावयाचें होतें. त्या वेळीं मीं त्याला कोणतेंही तत्त्वज्ञान सांगितलें नाहीं. आपल्या गांवापासून फार दूर नसलेल्या एका स्थळीं राहून गेलेल्या थोर बाईंची हकीकत मीं त्याला सांगितली. तीच येथें सर्वांकरितां लिहीत आहें.

शिक्रापुराहून दक्षिणेस जाऊन भीमा नदी ओलांडली म्हणजे दौंड तालुका लागतो, आणि पुणें-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगांव हें स्टेशन येतें. तेथील मुक्तिसदन आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें ज्यांनीं वसविलें त्या पंडिता रमाबाईंचें नांव तर सर्वांसच ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचें परदेशगमन, त्यांनीं सोडविलेल्या शेंकडों मुली, हें सारें पाठ्यपुस्तकांतून आपण वाचतों. परंतु या सर्व कार्याच्या मुळाशीं एका आंधळ्या व उपाशी म्हाताऱ्याचा हात होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते.

त्या म्हाताऱ्याचें नांव अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं शिकत होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्र्यांच्या मनानें घेतलें कीं आपणही आपल्या पत्नीला शिकवावें. त्या काळीं हा विचार लोकांना वेडेपणाचा वाटे. पहिल्या पत्नीच्या बाबतींत तो सिद्धीस गेला नाहीं. पुढें ती वारली. यात्रेस निघालेले शास्त्रीबोवा चव्वेचाळीस वर्षांचे असतां गोदावरीच्या तीरीं एका यात्रेकरू ब्राह्मणानें आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. वयांतील हें अंतर आज आपणांस खटकेल व तें खटकावें हेंच बरें. पण त्या मुलीचें, म्हणजे लक्ष्मीबाईंचें, भाग्य असें कीं तिच्या पतीनें तिला चूल व जातें यांबरोबरच व्याकरण, काव्य व पुराणें दिलीं. आप्तांनीं व जातिबांधवांनीं गिल्ला केला. उडुपी येथें धर्मगुरूंच्या व पंडितांच्या सभेपुढें उभें राहून शास्त्रीबोवांनीं आपल्या कृत्याला धर्मग्रंथांतून आधार दाखविला. तरी लोकांचा कल पाहून ते सह्याद्रीच्या रांगेंतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत जाऊन राहिले. तेथेंच ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि धाकटी रमा अशीं ही भावंडें होतीं.

रमा सहा महिन्यांची झाली नाहीं तोंच दारिद्र्यानें कुटुंबास अरण्य सोडावें लागलें. वेताच्या पेटाऱ्यांत घातलेली ती तान्ही मुलगी एका माणसाच्या डोक्यावर बसून यात्रेस निघाली. त्यानंतर या कुटुंबाला घर असें मिळालेंच नाहीं. क्षेत्रोक्षेत्रीं जावें, देवळांत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावें आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. वडील वृद्ध झाले असल्यामुळें रमेला शिकविण्याचें काम आईनें घेतलें. दिवसभर कामाचा रगाडा असे, म्हणून भल्या पहांटे, पक्षी किलबिल करूं लागण्यापूर्वीं, लक्ष्मीबाई मुलीला हलकेंच जागें करून श्लोक म्हणून घेत. वयाच्या पंधरा वर्षांपर्यंत रमेची शाळा ती हीच. पाटी नाहीं, पुस्तकें मोजकीं, छप्पर नाहीं. पण भागवतासारखा प्रचंड ग्रंथ तिच्या जिभेवर आला. आपल्यापैकीं ज्यांची आई पहांटे उठून त्यांना अभ्यासास बसविते, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं आशीर्वाद पुष्कळ वेळां शब्दांच्या अगोदर श्रमांच्या रूपानें येत असतो.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी येईना. अंगावरचे दागिने, चांगलीं वस्त्रें, तांब्यापितळेचीं भांडीं एकामागून एक विकलीं गेलीं. शेवटचा पैसा व शेवटचा तांदुळाचा दाणा संपला. भीक मागण्याची किंवा अंगमेहनतीची सवय या शास्त्र्याच्या कुटुंबाला नव्हती, व तसें करणें कमीपणाचेंही वाटे. तेव्हां लोकांच्या दृष्टिआड होऊन मरावें, असें ठरवून तीं सर्वजणें तिरुपतीच्या बाजूस अरण्यांत शिरलीं. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडांचीं पानें व रानफळें यांवर तीं कशीबशी जगलीं. अखेर वृद्ध पित्याच्यानें तें पाहवेना. जवळच्या पवित्र तळ्यांत देह सोडण्याचा निश्चय करून त्यांनीं एकेकाचा निरोप घेण्यास आरंभ केला.

धाकटी म्हणून रमेची पाळी शेवटीं आली. अनंतशास्त्र्यांची दृष्टि त्यापूर्वींच गेली होती. समोर उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी त्यांना दिसत नव्हती. त्यांनीं तिला घट्ट छातीशीं धरिलें, तिच्या मस्तकावरून व गालांवरून हात फिरविला, आणि भरून आलेल्या कंठानें, तुटक तुटक शब्दांत, आपलें तिच्यावर किती प्रेम आहे याची आठवण ठेवावयास सांगितलें. जगलीस तर अब्रूनें जग, नीतीचा मार्ग सोडूं नकोस, जन्मभर देवाची सेवा कर, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मीं तुला देवाच्या हातीं दिलें आहे, तूं त्याचीच आहेस, हा त्यांचा शेवटचा निरोप. यापुढें त्यांच्यानें बोलवलें नाहीं.

मित्रहो, त्या पित्यापाशीं द्यावयास दुसरें कांहींच नव्हतें. पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथें आंधळ्या इसहाकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्यानेंही आपल्या धाकट्या मुलाला चांचपून जवळ घेतलें व आशीर्वाद दिला. पण इसहाकापाशीं मेंढरें होतीं, धान्य होतें, द्राक्षारस होता. अनंतशास्त्र्यांपाशीं पोटांत घालावयास पानें होतीं. असें असूनही त्या दोन्ही आशीर्वादांचा गाभा एकच. माझें लेंकरूं मीं देवाच्या हवालीं करितों, हा तो गाभा.

जलसमाधीचा बेत मात्र तडीस गेला नाहीं. श्रीनिवास पुढें झाला व जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण मजुरी करूं व आईबापांना पोसूं, असें त्यानें सांगितलें. मंडळी पुन्हा वस्तीकडे वळली. पण उपासानें खचलेला तो देह फार दिवस टिकला नाहीं. थोड्याच दिवसांत शास्त्रीबोवा तापानें वारले. त्याच वर्षीं लक्ष्मीबाईही गेल्या. स्मशान दूर होतें व खांदा देण्यास माणसें मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले; तिसरा श्रीनिवास; चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळें तिरडी तिच्या खांद्याला सारखी येईना, म्हणून ती तिनें डोक्यावर घेतली. पुढें कांहीं महिन्यांनीं कृष्णाबाईही पटकीनें दगावली.

आतां त्या नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे पाहूं. आशीर्वाद म्हणजे दुःख टाळणारा ताईत असता तर पित्याचे शब्द हवेंत विरण्यापूर्वींच ते खोटे ठरले, असें म्हणावें लागेल. परंतु शास्त्र आपणांस असें कधींच सांगत नाहीं. बापाचा आशीर्वाद घेऊन निघालेल्या याकोबाला त्याच प्रवासांत धोंडा उशाशीं घेऊन निजावें लागलें. पुढें मामाच्या घरीं वीस वर्षें चाकरी करावी लागली, आणि घरीं परत येतांना तो लंगडत आला. आशीर्वादानें त्याची वाट सोपी झाली नाहीं. ती वाट कोणाची आहे, हें मात्र ठरून गेलें. रमाबाईंचेंही तसेंच झालें.

उरलेलीं दोघें बहीणभाऊ देशभर पायीं फिरलीं. उत्तरेस काश्मीरपर्यंत तीं गेलीं. थंडीच्या रात्रीं पांघरूण नसल्यानें नदीकांठच्या वाळूंत खड्डा करून तीं त्यांत पडून राहत. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनीं तिला वेदाची प्रत देऊन तो वाचण्याचा आग्रह केला. स्त्रियांना वेदाचा अधिकार नाहीं हें तोंवर ती धरून चालली होती. कलकत्त्यांतच एका ख्रिस्ती मेळाव्यांत तिला संस्कृत भाषेंतील पवित्र शास्त्र मिळालें. त्या वेळीं तें तिच्या मनास फारसें उमगलें नाहीं.

१८८० सालीं श्रीनिवास डाक्क्यास आजारी पडला. अविवाहित बहिणीचें पुढें काय होणार, ही एकच काळजी त्याला जाळीत होती. आपणां दोघांना देवावांचून कोणी नाहीं, असें रमाबाईंनीं त्याला सांगितलें. देव सांभाळणार असेल तर मग मला कशाचेंच भय नाहीं, असें म्हणून तो शांत झाला. पित्यानें सोंपवून दिलेली ठेव भावानेंही त्याच हातीं सोंपविली. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळें जातीनें दोघांनाही दूर केलें. १८८१ सालीं कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें वारले. चोवीस वर्षांच्याही आंत आई, बाप, बहीण, भाऊ व पति असे पांच आप्त या स्त्रीनें पोंचविले होते.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ति रानडे प्रभृतींच्या साहाय्यानें त्यांनीं आर्य महिला समाज काढिला आणि सरकारी शिक्षण कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं व स्त्री-डॉक्टरांच्या जरुरीविषयीं साक्ष दिली. याच काळांत त्यांचा ख्रिस्ती धर्माशीं निकटचा परिचय झाला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांचा मुक्काम होता. लंडनमधील फुलम भागांत या भगिनी पतित म्हणून समाजानें टाकलेल्या स्त्रियांना उचलून घेऊन माणसांत आणीत. तें काम पाहून, आणि प्रभु येशूची शोमरोनी स्त्रीशीं झालेली भेट वाचून, रमाबाईंचें मन हेलावलें. बुद्धीला जे प्रश्न अडले होते ते सोडविण्यास फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांचा उपयोग झाला. हे नीलकंठशास्त्री गोरे मूळचे काशींत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला होता. विद्वत्ता मोठी आणि वृत्ति त्याहून नम्र. रमाबाईंना वादांत जिंकणारे पुष्कळ भेटले असतील. पण या साधुपुरुषाच्या नम्र वाणीनें त्यांच्या हृदयाचा ठाव घेतला. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेजला आई व मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला.

मठांतील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई आजीबाई म्हणत. आजीबाईंचा या मायलेकींवर फार लोभ होता. पुढें मनोरमेचें लहानपण बरेंचसें त्यांच्याच सांवलींत गेलें. परंतु धर्माच्या बाबतींत या दोघींचे खटके उडत. वरिष्ठ सांगतील तें शिष्येनें निमूटपणें ऐकावें, अशी आजीबाईंची अपेक्षा. आणि पटल्यावांचून कांहींही मान्य करावयाचें नाहीं, असा रमाबाईंचा बाणा. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकत व शिकवीत असतांना त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें काय असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानांतील बिशपांनीं तें अनुचित ठरविलें. रमाबाईंना याचें नवल वाटलें. आपल्या आईनें पुरुषांना शिकविलें त्यास वडिलांनीं हरकत घेतली नव्हती, आणि आपण शिकविलें त्यास पतींनीं घेतली नव्हती. मग या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांनीं ती कां घ्यावी, असें त्यांनीं कळविलें.

येथें विद्यार्थ्यांनीं जरा थांबावें. वडिलांचा व धर्मगुरूंचा आशीर्वाद मोलाचा खरा. पण तो देणाऱ्यांच्या प्रत्येक मताला मान डोलाविणें हा त्याचा मोबदला नव्हे. रमाबाईंनीं आजीबाईंवर प्रेम करणें कधीं सोडलें नाहीं, आणि आपली सद्सद्विवेकबुद्धि त्यांच्या पायांशींही ठेविली नाहीं. मला वाटतें, वडिलांनीं त्यांना देवाच्या हातीं दिलें होतें, म्हणूनच त्या कोणा माणसाच्या हातीं सर्वस्वीं जाऊं शकल्या नाहींत. पुढें काळानें या भांडणाचा गोड निकाल लाविला. ज्या इंग्लंडच्या मंडळीच्या अधिकाऱ्यांशीं त्या झगडल्या, तिच्याच वार्षिक स्मरणदिनांच्या यादींत आज ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या नांवें आहे.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान-समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें. तें १८८७ सालीं निघालें व फार गाजलें. तें त्यांनीं अर्पण केलें तें पहांटे उठवून शिकविणाऱ्या आपल्या मातेच्या स्मृतीस. त्या पुस्तकानें मिळवून दिलेल्या मदतीवर ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांकरितां शारदासदन उघडलें. १८९० सालीं तें पुण्यास आलें. महर्षि कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या याच सदनांत शिकल्या.

पण १८९३ सालीं वादळ उठलें. रमाबाई सकाळीं आपल्या खोलीचें दार उघडें ठेवून प्रार्थना करीत आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसत. धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें ठरलेलें असतां हें योग्य नव्हे, असें सल्लागार मंडळाच्या सभासदांना वाटलें. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या आदरणीय पुरुषांनीं आपला संबंध सोडला. पंचवीसच्या सुमारास मुली पालकांनीं काढून नेल्या. पालकांची काळजी समजण्याजोगी होती. आणि दार लावून प्रार्थना करणें रमाबाईंना शक्य नव्हतें. दोन्ही बाजूंस सज्जन माणसें असून वाटा वेगळ्या झाल्या, असा प्रसंग आयुष्यांत येतो. ज्यांनीं एके काळीं पाठीवर हात ठेविला होता, त्यांची नाराजी पत्करून त्यांना पुढें जावें लागलें.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत माणसें मरत असल्याची बातमी पुण्यास पोंचली. रमाबाईंना कोणी सांगावयास नको होतें कीं उपाशी पोटीं अरण्यांत बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे हाल कसे असतात. त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सांपळे झालेल्या, दुष्ट लोकांच्या हातीं पडण्याच्या बेतांत असलेल्या मुली त्यांनीं गोळा केल्या. कांहीं महिन्यांत तीनशेंच्या आसपास मुली त्यांच्या आश्रयास आल्या. पुण्यांत प्लेगची सांथ होती व एवढ्या मुली शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली. संस्थेला उत्पन्न व्हावें म्हणून फळबागेसाठीं केडगांवास जमीन घेऊन ठेविली होती. त्या उघड्या माळावर झोंपड्या उठल्या. १८९८ सालीं तेथील मुक्तिसदनाचें समर्पण झालें. १९०० सालीं गुजराथेंतील दुष्काळांतून आणखी शेंकडों मुली आल्या आणि केडगांवची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. विहिरी खणल्या गेल्या, मंदिर उभें राहिलें. आंधळ्या मुलींकरितां निराळी शाळा झाली. मनोरमाबाईंनीं अमेरिकेंत अंधांची लिपि शिकून येऊन त्यांना शिकविलें. आंधळ्या आजोबांची नात ती! आजोबांना तिनें कधीं पाहिलें नव्हतें, पण त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांचें ऋण तिनें अशा रीतीनें फेडलें.

केडगांवांत आणखी एक गोष्ट विशेष होती. कोणतीही मुलगी केवळ पुस्तकें वाचून राहत नसे. विणकाम, शेती, दुभतीं जनावरें, तेलाचा घाणा, छापखाना, यांपैकीं एखादें काम तिला यावेंच लागे. याचें कारण त्या अरण्यांतल्या अकरा दिवसांत आहे. अनंतशास्त्र्यांनीं मुलांना विद्या दिली, पण पोटापुरती हाताची मेहनत शिकविली नाहीं, आणि ती उणीव सर्वांच्या जिवावर बेतली. रमाबाईंनीं पित्याचा आशीर्वाद जपला व पित्याची चूक सुधारली. वडिलांचा मान राखण्याची याहून सुरेख रीत मला तरी माहीत नाहीं.

१९०५ सालीं मुक्तिसदनांत मोठी आत्मिक जागृति झाली. तिच्या अगोदर शेंकडों मुली व बाया दररोज एकत्र जमून दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करीत. ज्यांना जन्मतः कोणी आशीर्वाद दिला नव्हता, ज्यांना पांढऱ्या पायाची म्हणून हिणविलें गेलें होतें, त्याच आतां देशाकरितां आशीर्वाद मागत होत्या. अब्राहामाला देवानें आशीर्वाद दिला तो त्यानें इतरांना आशीर्वाद व्हावें म्हणून, हें उत्पत्तीच्या पुस्तकांतील तत्त्व केडगांवच्या माळावर असें खरें झालें.

उतारवयांत रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायांना समजेल अशा मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. छापण्याचें काम सदनांतील मुलींनींच केलें. संस्थेचा भार मनोरमाबाई उचलतील अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु १९२१ च्या जुलैंत, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, त्या आईच्या अगोदर गेल्या. जी आपल्या मस्तकावर हात ठेवील म्हणून वाट पाहावी, तिलाच आईनें निरोप द्यावा, याहून कठीण दुःख नाहीं. रमाबाई बोलल्या थोडें व भाषांतराच्या कामास पुन्हा बसल्या. तें पुरें करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. छापलेलें पूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर आलें.

आयुष्याच्या उत्तरार्धांत रमाबाईंनीं आपली साक्ष लिहिली. तींत त्यांनीं त्या अरण्यांतील निरोपाचें वर्णन करून म्हटलें आहे कीं माझ्या वृद्ध हिंदु पित्याची प्रार्थना, तो ज्याला ओळखत नव्हता त्या सर्वदयाळू स्वर्गीय पित्यानें ऐकली. आणि मृत पित्याला उद्देशून त्यांनीं वचन दिलें आहे कीं एकाच खऱ्या देवाची सेवा मी अखेरपर्यंत करीन. मुलगी ख्रिस्ती झाली हें अनंतशास्त्र्यांना रुचलें असतें काय, याचें उत्तर कोण देणार? पण आपण पित्याला दिलेला शब्द मोडला असें त्या मुलीला कधींच वाटलें नाहीं. पाळला असेंच वाटलें. आमच्या शाळेंत सर्व धर्मांच्या घरचीं मुलें आहेत. आपण मुलाला देवाच्या हवालीं केलें म्हणजे देव त्याला कोणत्या वाटेनें नेईल हें आपल्या हातीं राहत नाहीं, ही गोष्ट सर्वच आईबापांनीं विचार करण्याजोगी आहे. आपल्या ताब्यांत ठेवून दिलेला आशीर्वाद हा दिलेला नव्हेच.

पालकांस एक विनंति. रागाच्या भरांत मुलांना करंटा, कुळबुडव्या असें म्हणण्यास क्षणही लागत नाहीं, आणि तो शब्द जन्मभर काळजांत रुतून राहतो. मस्तकावर हात ठेवून दोन शब्द प्रार्थनेचे म्हणण्यासही तितकाच वेळ लागतो. त्यास पैसा, विद्या, घरदार कांहीं लागत नाहीं. अनंतशास्त्र्यांपाशीं तर दृष्टिही नव्हती. प्रभु येशूनें मुलांना कवटाळलें तेव्हां त्यांना बक्षीस दिलें नाहीं. त्यांच्यावर हात ठेविले.

आणि माझ्या विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या सकाळीं तुम्ही नमस्कार कराल तेव्हां इतकें ध्यानांत धरा. आशीर्वादानें प्रश्नपत्रिका सोपी होत नाहीं. त्यानें तुम्ही कोणाचे आहां हें ठरतें, आणि त्याला शोभेल असें वागण्याची जोखीम तुमच्या शिरावर येते. तो नापास झालेला मुलगा पुढच्या वर्षीं पुन्हा परीक्षेस बसला. निघतांना तो पुन्हा वांकला आणि मीं त्याच्या मस्तकावर हात ठेविला. त्या वर्षीं तो पास झाला किंवा कसें, हें येथें मुद्दामच सांगत नाहीं. सवड मिळेल तेव्हां एकदां भीमा ओलांडून केडगांवास जा, आणि एका उपाशी म्हाताऱ्याच्या तुटक शब्दांतून काय उभें राहिलें तें आपल्या डोळ्यांनीं पाहा. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचे शब्दही असेच फळाला आणण्याचें बळ देव तुम्हां सर्वांना देवो.